पाठीमागे उगवलेला चंद्र

आत्याचं कपडे शिवायचं दुकान इमारतीच्या तळमजल्यावर होतं आणि घर त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. त्यामुळे तिला जगात फारसं लांब कुठे जावंच लागत नसे. जिना, दुकान, समोरचा भाजीवाला आणि परत जिना. एवढ्या टापूतली प्रत्येक पायरी, प्रत्येक उंबरा आणि भाजीवाल्याच्या दाराशी असलेला तो ठेच लागणारा दगड, सगळं तिच्या पायांना पाठ होतं. म्हणूनच तिला दिसेनासं होत चाललंय, याचा पायांनी कधी कुणाला पत्ता लागू दिला नाही.

हातांनीही दिला नाही. कापड नुसतं बोटांत धरलं की त्याची सुलट बाजू कुठली, उलट कुठली, हे तिला कळायचं. ‘दिसत नाही’ हे शब्द तर तिनं स्वतःशीसुद्धा कधी उच्चारले नव्हते. दुकानातला दिवा मंद झाला होता. हल्लीचा दोरा पिसारत होता. सुयांची नेढी कंपनीवाले मुद्दाम बारीक करत होते. सगळ्या जगाचं काही ना काही बिघडलं होतं, ठणठणीत होते ते फक्त आत्याचे डोळे.

सुया ओवायचं काम तिनं शेजारच्या घड्याळवाल्यांवर सोपवलं होतं. त्यांचं दुकान एखाद्या मोठ्या कपाटाएवढं होतं. आत एक माणूस, एक स्टूल आणि भिंतभर टिकटिक. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. बोलणं मोजकं, आणि टक्कल मात्र ऐसपैस. रोज सकाळी आत्या सुयांची उशी आणि रिळं घेऊन त्यांच्या दारात उभी राही.

“दिवसभर त्या बारक्या चाकांत डोळे घालून बसता. त्याआधी जरा मोठं काहीतरी बघा. डोळ्यांना व्यायाम होतो,” असं ती म्हणायची, जणू उपकार तीच करतेय.

घड्याळवाले डोळ्याला भिंग लावून एकेक सुई ओवायचे आणि उशीत टोचून द्यायचे. “गाठ मारू का?” एवढंच विचारायचे.

घरात आत्याबरोबर तिची भाची राहायची. लहानपणी फार किरकोळ होती म्हणून तिला चिमी नाव पडलं आणि तेच राहिलं. आता ती दारातून आत येताना मान वाकवायची आणि शहराच्या बसगाड्या चालवायची. आवाज असा, की इंजिन चालू असतानाही शेवटच्या सीटवरच्या माणसाला ‘पाय आत घ्या’ हे नीट ऐकू जाई. बस चालवायची म्हणजे दर वर्षी डोळे तपासून घ्यावे लागत. दर वर्षी ती आत्याला म्हणायची, “तू पण चल एकदा.” आणि आत्या दर वर्षी म्हणायची, “माझे डोळे अजून तुझ्या बसइतके खिळखिळे झालेले नाहीत.” विषय तिथंच मिटायचा. चिमी पहाटे निघून जायची, संध्याकाळी दमून यायची. दोघींचं एकमेकींकडे लक्ष होतं, पण ते जेवलीस का, झोपलीस का, इतपतच.

एक दिवस सकाळी चहा पिताना चिमीनं पेपरातली बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. त्या संध्याकाळी चंद्र पृथ्वीच्या बराच जवळ येणार होता, त्यामुळे नेहमीपेक्षा मोठा आणि लखलखीत दिसणार होता. दुपारपर्यंत सगळ्या इमारतीचं ठरलं की गच्चीवर जायचं. गच्चीवरचे दिवे बंद ठेवायचे, खुर्च्या ज्याच्या त्यानं आणायच्या, चहा दोन घरांतून येईल. आत्यानं बिस्किटांची जबाबदारी घेतली आणि दिवसभर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटली, “आज लवकर बंद करणार बाई. चंद्र बघायचाय.”

पण ऐनवेळी एक गिऱ्हाईक तुटलेली चेन घेऊन आलं. लग्नाला निघालेल्या माणसाची पँट अडवून कशी ठेवणार? आत्या वर पोचली तेव्हा अंधार पडला होता. मंडळी केव्हाची येऊन बसली होती आणि चिमी तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची आरामखुर्ची वर चढवण्यात गुंतली होती.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. गच्चीचं दार पूर्वी जिन्याच्या डाव्या अंगाला उघडायचं. मागच्या दुरुस्तीत ते बुजवून उजवीकडे नवं दार पाडलं होतं. आत्या त्यानंतर वर आलीच नव्हती. ती बाहेर पडली आणि सवयीनं, अगदी आत्मविश्वासानं, जिकडून चंद्र उगवतो असं तिच्या पायांना पाठ होतं त्या बाजूला वळली. म्हणजे नेमकी उलट्या बाजूला. मधे पाण्याची मोठी टाकी होती. टाकीच्या पलीकडून लोकांच्या बोलण्याचा गलका येत होता. आत्याला वाटलं, ही मंडळी चहाभोवती जमली असणार. आपण आपली कठड्यापाशी मोक्याची जागा धरावी. बिस्किटांचा डबा मांडीवर घेऊन ती तिथल्या सिमेंटच्या ओट्यावर बसली.

आणि समोर बघते तर चंद्र आलेलासुद्धा.

घड्याळवाले आपलं स्टूल काखेत घेऊन तिला शोधत टाकीला वळसा घालून आले, तेव्हा ती हात वर करून म्हणाली, “या, या. आला बघा. तिकडे सगळे चहा पीत बसलेत आणि इकडे हा येऊन उभा.”

घड्याळवाल्यांनी तिच्या हाताच्या दिशेनं पाहिलं. रस्त्यापलीकडच्या इमारतीवर गाद्यांच्या नव्या दुकानाचा गोल बोर्ड होता. पिवळाधमक, आतून दिवे लावलेला, चांगला बैलगाडीच्या चाकाएवढा. त्यांनी बोर्डाकडे पाहिलं, मग आत्याकडे पाहिलं. मग स्टूल तिच्या शेजारी मांडलं आणि बोर्डाकडे तोंड करून बसले.

“पेपरवाले थापा मारत नव्हते,” आत्या म्हणाली. “केवढा जवळ आलाय. समोरच्या इमारतीवर आणून ठेवल्यासारखा वाटतो की नाही?”

“अगदी ठेवल्यासारखा,” घड्याळवाले म्हणाले.

“आणि डाग बघा किती ठळक. ते सशाचं वगैरे म्हणतात ते मला कधी पटलं नाही. हे तर चक्क एका ओळीत आहेत.”

“एका ओळीतच आहेत.”

“वर मात्र सरकत नाहीये. मघापासून तिथंच.”

घड्याळवाल्यांनी थोडा विचार केला. “आज त्याला घाई दिसत नाही,” ते म्हणाले.

आत्यानं त्यांच्यापुढे बिस्किटांचा डबा धरला. एक स्वतः घेतलं. वारा छान सुटला होता. बराच वेळ दोघं बिस्किटं खात बघत राहिले. मग ती जरा वेगळ्याच आवाजात बोलू लागली. “खरं सांगू का? मी उभा जन्म मान खाली घालून काढला. मशीन, कापड, पायांखालची पट्टी. कुणी हाक मारली तरी ‘बोला’ म्हणायचं ते खाली बघूनच. लोक चंद्र बघतात, सूर्य बुडताना बघतात, मला वाटायचं, रिकामटेकडे आहेत. आज पहिल्यांदा अशी निवांत मान वर करून बसलेय. बरं वाटतंय हो.”

“बसा,” घड्याळवाले म्हणाले. “चांगलं निवांत बघा.”

खरा चंद्र अजून उगवून दिसायचा होता, कारण पलीकडच्या बाजूला क्षितिजाशी ढगांचा जाड पट्टा होता. टाकीपलीकडची मंडळी त्या पट्ट्याकडे डोळे लावून कंटाळून गेली होती. तेवढ्यात ढगांच्या वरच्या कडेतून तो बाहेर पडला. एकदम सगळ्यांचा ‘ओहो’ ऐकू आला, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

“आत्ता दिसला यांना,” आत्या हसून म्हणाली. “एवढा वेळ काय डोळे मिटून बसले होते?”

चंद्र वर सरकला. टाकीच्या डोक्यावरून उजेड इकडच्या अंगाला उतरला. आत्याच्या पुढ्यातला कठडा नुकताच चुना दिलेला, पांढराशुभ्र होता. त्यावर हळूहळू दोन सावल्या उमटल्या. एक अंबाड्याची, एक टकलाची.

आत्याला लांबचं काही धड दिसत नसलं तरी हातभर अंतरावरची काळी-पांढरी सावली दिसत होती. आणि सावलीचं गणित तिच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? सगळी हयात तिनं मशीन खिडकीकडे तोंड करून ठेवलं होतं, का, तर उजेड समोर असला की सावली पाठीमागे पडते, शिलाईवर येत नाही. इथं उजेड समोर होता आणि सावलीही समोरच होती. तिनं उजवा हात वर केला. अंबाडेवालीनंही केला. हात खाली घेतला. तिनंही घेतला.

आत्यानं हात मांडीवरच्या डब्यावर ठेवला. मग म्हणाली, “घड्याळवाले.”

“बोला.”

“आपल्या मागे काय आहे?”

त्यांनी खाकरून घसा मोकळा केला. “चंद्र.”

“आणि पुढे?”

“गाद्यांचं दुकान. परवा बोर्ड लावलाय त्यांनी.”

“ते डाग?”

“‘आरामात झोपा’ असं लिहिलंय.”

आत्याचे कान गरम झाले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं. पण गच्ची कसली दुभंगते. “आणि तुम्ही मघापासून नुसते बसून राहिलात? शेजारी बसून गादीचा बोर्ड बघत?”

“तुम्ही मान वर करून बसला होतात,” घड्याळवाले म्हणाले. “ते मला मोडवेना.”

हे ऐकून आत्याला आधी राग आला, मग रडू आल्यासारखं झालं आणि मग जे काही आलं ते हसू निघालं. ती हसत सुटली. डबा मांडीवरून घरंगळला, बिस्किटं सांडली, तरी थांबेना. घड्याळवालेही हसू लागले. ते हसले की आवाज येत नसे, फक्त स्टूल करकरायचं.

तो आवाज ऐकून चिमी टाकीला वळसा घालून आली. “इकडे काय करताय दोघं? चंद्र तिकडे आहे.”

“कळलं आत्ताच,” आत्या डोळे पुसत म्हणाली. “वळव मला.”

चिमीनं तिला खांद्यांना धरून वळवलं. आत्यानं वर पाहिलं. टाकीच्या वर आभाळात उजेडाचा एक मोठा गोंधळ होता. एकावर एक सरकलेले गोल, कडा विस्कटलेल्या, सगळीकडून पांढरे दोरे सुटलेले. उसवलेल्या दुलईतून कापूस बाहेर यावा तसं काहीतरी. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग जे कधी बोलली नव्हती ते बोलली.

“चिमे, वर किती चंद्र आहेत?”

“म्हणजे काय? एकच आहे.”

“मला चार दिसतायत. पाचही असतील. धड मोजता येत नाहीत.”

चिमीचा तो बसभर ऐकू जाणारा आवाज एकदम बसला. तिनं आत्याच्या तोंडासमोर हात धरला. “किती बोटं?”

“बोटं कसली, मला तुझ्या तोंडावर नाक आहे हेसुद्धा सवयीनंच माहीत आहे.”

चिमी ओट्यावर बसली. “रोज मी आरशात बघून मागच्या सायकलवाल्याला सांभाळते,” ती म्हणाली, “आणि घरात माझ्या समोर बसलेलं माणूस…” मग तिनं घड्याळवाल्यांकडे मोर्चा वळवला. “काका, तुम्हाला माहीत होतं?”

“रोज सुया ओवतो,” घड्याळवाले म्हणाले.

“मग सांगायचं नाही का कुणाला?”

त्यांनी स्टुलावरचा न दिसणारा कचरा झटकला. “सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर त्या यायच्या थांबल्या असत्या.”

आत्या वाकून चाचपत बिस्किटं गोळा करू लागली.

दुसऱ्या दिवशी चिमीनं सुट्टी टाकली आणि आत्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि फार समजावून सांगणाऱ्या होत्या. आत्याला भीती एकाच गोष्टीची होती. आयुष्यभर सुई तिच्या हातात होती, आता ती दुसऱ्याच्या हातात जाणार, आणि तीही डोळ्याजवळ.

“घाबरू नका, आत नवं भिंग बसवतो, पण टाकासुद्धा घालावा लागत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“टाका नाही?” आत्या संशयानं म्हणाली. “मग ते आत बसणार कशाच्या जोरावर?”

“आपोआप बसतं.”

“आमच्या धंद्यात आपोआप काही बसत नाही,” आत्या म्हणाली, पण आत गेली.

एका डोळ्याचं काम झालं. पट्टी काढली तेव्हा तिला पहिल्यांदा दिसला तो पडद्याचा निळा रंग. इतका निळा, की ती म्हणाली, हे कापड कुठून आणलंत? मग तिनं चिमीकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. “तुझ्या केसांत पांढरे कधी आले?”

“पहिलं हेच दिसलं का तुला?”

“दोनच आहेत. छान दिसतात,” आत्या म्हणाली आणि तिच्या गालावरून हात फिरवला.

दुकान उघडायला परवानगी मिळाली त्या सकाळी ती घड्याळवाल्यांच्या दारात उभी राहिली. हातात उशी नव्हती, रिळं नव्हती. घड्याळवाल्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं. “सुया?” त्यांनी विचारलं. आवाज जरा उतरलेला होता.

“ओवल्या. सगळ्या,” आत्या म्हणाली. “चहा आहे का?”

त्यांनी लगबगीनं स्टूल तिला दिलं आणि स्वतः उभे राहून थर्मासमधून चहा ओतू लागले. आत्या त्यांच्याकडे बघत होती. बघता बघता तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. शर्टाचा खिसा चक्क उताराला लागला होता. कॉलरचं एक टोक दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब. तिसऱ्या बटणाचं काज तर भलतीकडेच.

“हा कुठल्या गाढवानं शिवलाय?”

घड्याळवाले चहा ओतण्यात गुंग असल्यासारखे दिसले.

“मी?” आत्या म्हणाली.

“मागच्या थंडीत.”

“आणि हा घालून तुम्ही गावभर हिंडता?”

“खिसा तिरका आहे, त्यामुळे वाकलो तरी पेन पडत नाही,” घड्याळवाले म्हणाले. “मला सोयीचा पडतो.”

आत्यानं तो शर्ट तिथल्या तिथे काढायला लावला नाही, एवढंच. पण तिची झोप उडाली. या एका शर्टाची ही गत, तर बाकीच्यांचं काय? तिनं दुकानाच्या दारावर पाटी लावली, की गेल्या दोन-तीन वर्षांत इथं शिवलेला कुठलाही कपडा वाकडा असल्यास आणून द्यावा, सरळ करून मिळेल. लोक पिशव्या भरून आले. बाह्या कमीजास्त, पडदे एका बाजूनं आखूड, शाळेच्या दप्तराला तीन बंद. आत्या एकेक वस्तू उजेडात धरून स्वतःवरच तोंडसुख घ्यायची आणि उसवायला बसायची. चौथ्या मजल्यावरची बाई मात्र आपला झगा द्यायला तयार होईना. खालची कड एकीकडे वर, एकीकडे खाली होती. ती म्हणाली, ऑफिसात सगळ्यांना आवडतो, कुठून घेतलास म्हणून विचारतात. आत्यानं खूप वाद घातला आणि शेवटी हरली. पुढच्याच आठवड्यात त्या ऑफिसातल्या दोघीजणी आल्या, अगदी तसाच वाकडा झगा शिवून द्या म्हणून. आत्याला तो डोळे उघडे ठेवून जमेना. तिनं डोळे मिटून बघितलं, तरी जमला नाही.

तोवर पुढची पौर्णिमा आली. पेपरात होतं, की हाही चंद्र मोठाच असणार, मागच्या वेळेपेक्षा किंचित कमी. इमारतीतल्या लोकांची हौस एकदा फिटली होती, त्यामुळे या वेळी गच्चीवर तिघंच आली. चिमीनं खुर्च्या आणल्या आणि स्वतःच्या खुर्चीत पाय पसरून पाचच मिनिटांत घोरू लागली. पहाटेची पाळी होती, बिचारी काय करणार.

आभाळ स्वच्छ होतं. दूरच्या छपरांमागून चंद्र वर आला. आधी तांबूस, मग पिवळा. आत्या खुर्चीत पुढे सरकून बसली होती.

“एवढाच?” ती म्हणाली.

“मोठा आहे की,” घड्याळवाले म्हणाले.

“मला वाटलं होतं आणखी मोठा असेल. माझे ते चार-पाच एकत्र केले तर केवढे भरत होते.” ती जरा हिरमुसली. पण नजर काढली नाही. चंद्र छपरांपासून सुटा झाला, आणि ती हळूच म्हणाली, “कड बघा. कड बघा ना. एका दमात कात्री फिरवल्यासारखी. कुठे थांबली नाही, कुठे दात पडला नाही.”

घड्याळवाल्यांनी आयुष्यभर गोल गोष्टीच पाहिल्या होत्या. तेही बघत राहिले. “तबकडीसुद्धा इतकी चांगली नसते,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती कुणी ऐकली नव्हती.

मग आत्या त्यावरचे डाग बघू लागली. त्यात तिला काय काय दिसत होतं ते सांगू लागली, आणि घड्याळवाले तिला प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणू लागले, कारण त्यांना वेगळंच दिसत होतं. वाद रंगला. ससा, भांडं, वाकून बसलेला माणूस. त्यांना एवढं बोलताना आत्यानं कधी ऐकलं नव्हतं. चिमी झोपेतच कूस बदलून “पाय आत घ्या” असं काहीसं पुटपुटली, तसे दोघं हळू आवाजात भांडू लागले.

“तो बारीक ठिपका कसला?” आत्यानं चंद्राच्या खाली बोट दाखवून विचारलं. “तिथं. पांढरा.”

“विमान.”

“विमान कसलं? तारा आहे.”

“विमानच आहे. सरकतंय.”

“काही सरकत नाहीये. मी नव्या डोळ्यानं बघतेय, तुम्ही जुन्या.”

घड्याळवाल्यांनी आपली खुर्ची तिच्या खुर्चीला लावली, म्हणजे दोघांना एकाच जागेवरून बघता येईल. मग तो ठिपका हलतोय की नाही, हे बघत ते दोघं बसून राहिले.